रिकामे पान का दिसते?

जावास्क्रिप्टमध्ये वेब-अनुप्रयोग रचू लागलेल्या नवशिक्या प्रोग्रामरला जो अनुभव हटकून येतो तो असा की, सर्व्हरवर माहिती आहे, ती मागणारा कोड बिनचूक आहे, ती सुखरूप पोहोचल्याची नोंदही ब्राउझरमध्ये स्पष्ट दिसते आहे, आणि तरीही पडद्यावर नुसता कोरा तक्ता, किंवा जेथे ग्राहकाचे नाव असावयाचे तेथे 'अनडिफाइन्ड' हा रुक्ष शब्द उमटलेला असतो.

या प्रकाराचे मूळ घटनाक्रमाविषयीच्या एका चुकीच्या समजुतीत आहे. जेरेमी अ‍ॅश्केनस यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेली बॅकबोन ही लायब्ररी उदाहरणादाखल घेऊ. आज ती काहीशी अडगळीत पडली असली, तरी तिच्यात सारा व्यवहार उघड्यावर चालत असल्यामुळे शिकणाऱ्यास तीच मला अधिक उपकारक वाटते. माहिती सांभाळावी मॉडेलने आणि दाखवावी व्ह्यूने, ही तिची कामाची वाटणी ट्रिग्वे रेनस्काउग यांनी १९७९ साली झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात मांडलेल्या कल्पनेवरून आलेली आहे. मॉडेलला 'फेच'चा हुकूम दिला म्हणजे ते सर्व्हरकडे अर्ज रवाना करते, आणि उत्तराची प्रतीक्षा न करता कोडची पुढची ओळ तत्काळ चालू लागते. कारण पानावरील जावास्क्रिप्टचा मुख्य धागा एकच असून तो अडून बसला, तर बटणांसह सारे पानच निश्चेष्ट होईल. त्या पुढच्या ओळीत व्ह्यूला पडद्यावर चित्र काढावयास लावणारा 'रेंडर' हा हुकूम लिहिला असेल, तर चित्र उमटते ते रिकाम्या मॉडेलचे. सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी कचेरीत अर्ज द्यावा आणि अर्जाची पोच हाती पडताच तिलाच उतारा समजून घरी यावे, तसा हा प्रकार होय.

काही चतुर मंडळी यावर अर्धा सेकंद थांबून रेंडर करण्याची तोड काढतात. ती मला मुळीच मान्य नाही. कचेरीतील वेगवान जोडणीवर जी मुदत पुरते, ती धावत्या आगगाडीतील मोबाइलवर पुरेलच याची हमी कोण देणार? खरा उपाय असा की, व्ह्यूने 'लिसनटू'च्या द्वारे मॉडेलच्या 'चेंज' या वर्दीकडे कान लावावा आणि वर्दी येईल तेव्हाच पुन्हा रेंडर करावे.

मात्र वर्दी कोणती ऐकावयाची, यात बारकावे आहेत. सर्व्हरकडून आलेली माहिती पूर्वीच्याच मजकुराबरहुकूम असेल, तर 'चेंज' होतच नाही, आणि त्यावर विसंबलेली 'माहिती येत आहे' ही पाटी जन्मभर तशीच राहते. तेथे सर्व्हरशी व्यवहार यशस्वी झाल्याची 'सिंक' ही वर्दी ऐकली पाहिजे, आणि अर्ज फसल्यास 'एरर'ही. कलेक्शनच्या, म्हणजे अनेक मॉडेलांच्या संचाच्या, बाबतीत तर २०१३ च्या १.० या आवृत्तीने दस्तूरच बदलला. पूर्वी फेच झाल्यावर 'रीसेट' अशी एकच वर्दी मिळे. आता प्रत्येक नव्या नोंदीगणिक 'अ‍ॅड' होऊ लागले. जे व्ह्यू केवळ 'रीसेट'वर अवलंबून होते ते मुके झाले, आणि ज्यांनी घाईने 'अ‍ॅड'लाच संपूर्ण रेंडर बांधले, त्यांचा शंभर नोंदींचा तक्ता शंभर वेळा रंगू लागला. फेचला 'रीसेट' हा पर्याय मुद्दाम दिला, की जुनी रीत परत मिळते. शिवाय पडद्यावरून उतरविलेला व्ह्यू 'रिमूव्ह' या पद्धतीनेच काढावा, अन्यथा तो अदृश्यपणे वर्दी ऐकतच राहतो.

आणखी एक अडचण फॉर्मच्या पानावर भेटते. वापरणारा पत्ता लिहीत असता मॉडेल बदलले आणि रेंडरने सगळा एचटीएमएल नव्याने ओतला, तर अर्धवट लिहिलेला पत्ता आणि लुकलुकणारा कर्सर दोन्ही नाहीसे होतात. २०१३ सालीच खुल्या झालेल्या रिअ‍ॅक्ट या लायब्ररीने जुने व नवे रूप ताडून फरकापुरताच बदल करण्याची सोय आणली. बॅकबोनमध्ये ती दक्षता आपणच घ्यावी लागते, म्हणून मी लिहिण्याचे रकाने एका व्ह्यूत आणि बदलती यादी दुसऱ्या व्ह्यूत ठेवतो.