फुल फ्रेम घ्यायचा का?

सोयाबीन निघालं, दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं की आमच्या वाशीम जिल्ह्यात लग्नाच्या तारखा सुरू होतात. फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या आम्हा मंडळींत तेव्हा एक विषय हमखास निघतो : यंदा फुल फ्रेम कॅमेरा घ्यायचा का? बॉडी आणि तिला साजेशी एक लेन्स म्हटली की दीड-दोन लाखांचा खड्डा. म्हणजे चार-पाच एकर सोयाबीनची विक्री, तीही लागवडीचा खर्च वजा न करता. मी स्वतः यंदा त्याच विचारात आहे.

फुल फ्रेम हे काही नवीन माप नव्हे. जुन्या रोलच्या निगेटिव्हचं जे माप, ३६ बाय २४ मिलिमीटर, तेच हे. १९२५ साली बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्याने ते रूढ केलं. डिजिटल आलं तेव्हा एवढा मोठा सेन्सर बनवणं फार महाग पडे, म्हणून बहुतेक कॅमेऱ्यांत क्षेत्रफळाने त्याच्या निम्म्याहून लहान सेन्सर बसवला गेला. त्यामुळे रोलच्या काळात खोलीभर पाहुणे टिपणारी २८ ची लेन्स एकाएकी ४२ सारखी वागू लागली. कडेचे काका-मामा चौकटीबाहेर गेले! २००५ साली कॅननचा फाइव्ह डी आला आणि जुन्या लोकांना आपल्या लेन्स परत मिळाल्यासारखं वाटलं.

आता प्रकाशाचं पाहू. मोठ्या सेन्सरचं क्षेत्रफळ सुमारे सव्वादोन पट, म्हणून तेवढा प्रकाश जास्त. हळदीच्या रात्री, मंडपात रंगीत दिव्यांची माळ आणि एखादा बल्ब, अशा वेळी हा फरक दिसतो, हे खरं. पण कॅमेऱ्यासोबत आलेली साधी झूम लेन्स पुढे खेचली की तिचं तोंड पाच पॉइंट सहापर्यंत आवळलेलं असतं. त्या जागी एक पॉइंट आठची ५० ची लेन्स लावा, प्रकाश जवळजवळ दहापट येतो. आणि ती लेन्स बॉडीच्या मानाने फारच थोड्या पैशांत मिळते. दुकानदार हा हिशेब सहसा सांगत नाही.

अर्थात तोंड एवढं उघडलं की नवरी स्पष्ट आणि मागे उभ्या करवल्या धूसर. फुल फ्रेममध्ये तीच चौकट, तेच तोंड ठेवलं तर धूसरपणा आणखी वाढतो. सगळे स्पष्ट हवेत म्हणून तोंड आवळलं, की मिळवलेला प्रकाश गेला.

आमच्या कारंजा-सोहोळ अभयारण्यात काळवीट टिपायला जाणाऱ्यांचं गणित तर उलटंच आहे. काळवीट माणसाला जवळ येऊ देत नाही. ३०० ची लेन्स लहान सेन्सरवर ४५० सारखी काम करते. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर तीच चौकट कापून घेतली तर हाती साडेदहाच्या आसपास उरतात. तेव्हा सकाळच्या उन्हात गवताळ माळावर हिंडणाऱ्याने हा खर्च का करावा, मला कळत नाही. कारंज्याच्या जुन्या जैन मंदिरातलं लाकडी कोरीवकाम अंधारात असलं तरी ते हलत नाही. परवानगी घेऊन तिपाई लावली की लहान सेन्सरही पुरतो.

मग फुल फ्रेम कुणाला? ज्याच्याकडे चांगल्या उजेडाची लेन्स आधीच आहे, तरीही आयएसओ ६४०० वर न्यावा लागतो, नवरीच्या गालावर दाणे दिसतात आणि अल्बमची पानं १२ बाय ३६ इंचांची छापायची आहेत, त्याला. ज्याचं गिऱ्हाईक सगळे फोटो मोबाईलवरच पाहतं, त्याला हे दाणे दिसणारही नाहीत. शिवाय लहान सेन्सरसाठी केलेल्या लेन्स फुल फ्रेमचं पूर्ण चित्र भरत नाहीत, कोपरे काळे पडतात. म्हणजे बॉडीबरोबर लेन्सचाही खर्च आलाच.

मी आपल्या मेमरी कार्डांतले गेल्या दोन लग्नसराईंचे फोटो उघडून पाहिले. कोणती लेन्स, किती आयएसओ, हे प्रत्येक फोटोत नोंदलेलं असतं. अडचणीचे फोटो जवळपास सगळे हळदीचे आणि रात्रीच्या वरातीचे निघाले. दिवसाच्या लग्नात तक्रारीला जागाच नव्हती. म्हणून यंदा एक पॉइंट आठची लेन्स घेतली आहे आणि रात्रीच्या दोन तारखांना फुल फ्रेम भाड्याने आणणार आहे. एकाच मंडपात, एकाच बल्बखाली दोन्ही कॅमेऱ्यांनी फोटो काढून अल्बमचं एकेक पान छापायचं, आणि कोणतं कुठल्या कॅमेऱ्याचं हे न सांगता नवरीच्या आईपुढे ठेवायचं, असं ठरवलं आहे.