वापरलेली बास गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर : पारख कशी करावी?

ईश्वरपूरहून (पूर्वीचे इस्लामपूर) फारशा दूर नसलेल्या मिरजेत तंतुवाद्ये घडवण्याची परंपरा 19व्या शतकापासून चालत आली असून, तेथील सतार आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. मात्र वाद्यवृंदात खर्जाची बाजू सांभाळणाऱ्या बास गिटारच्या खरेदी-विक्रीत पारखीचे निकष वेगळे असतात.

फेंडर कंपनीने 1951 मध्ये आणलेल्या प्रिसिजन बासची कंपन पावणारी तार 34 इंच लांबीची होती आणि तेच माप आजही प्रमाण मानले जाते. वापरलेले वाद्य घेताना तार पहिल्या व शेवटच्या पडद्यावर एकाच वेळी दाबून मधल्या पडद्यांवरील फट पाहावी. ती केसभर असल्यास दांडी सुस्थितीत समजावी, मोठी असल्यास ट्रस रॉड, म्हणजे दांडीतील ताण पेलणारी पोलादी सळई, फिरवून बाक सुधारतो की नाही, हे व्यवहारापूर्वीच तपासावे.

सर्वांत जाड तारेचा स्वर सुमारे 41 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 41 कंपने, इतका खालचा असल्यामुळे साध्या गिटारच्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरला तो पेलवत नाही. तुलना करताना केवळ वॅट न पाहता ओहम, म्हणजे स्पीकरचा विद्युतरोध, जुळतो का, हेही पाहावे. किमान 4 ओहमची मर्यादा असलेल्या यंत्राला 8 ओहमच्या दोन पेट्या समांतर जोडता येतात, परंतु तिसरी जोडल्यास ते तापून निकामी होऊ शकते.

विक्रेत्याने पूर्वीची दुरुस्ती उघड सांगणे आणि ग्राहकाने वाद्य प्रत्यक्ष वाजवून पाहणे, यातच दोघांचेही हित आहे.