झाकली मूठ



ब्रिटनमधल्या बऱ्याच गावांत बाजारपेठेत ऑक्सफॅमचं दुकान असतं. लोक घरातले नकोसे झालेले कोट, पुस्तकं, कपबशा तिथं आणून देतात. गल्ल्यावर गावातलीच निवृत्त मंडळी बिनपगारी बसतात. जमलेला पैसा दूर कुठंतरी, कुणाच्यातरी अडचणीला जातो. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, ग्रीसमधल्या उपाशी माणसांसाठी ऑक्सफर्ड शहरातल्या काही मंडळींनी एक समिती काढली. तीच ही संस्था. १९५१ साली बिहारमध्ये दुष्काळ पडला, तेव्हा तिथंही तिची मदत पोचली होती. थोडक्यात, ही काही कालपरवाची, फलकापुरती संस्था नव्हे.

९ फेब्रुवारी २०१८ ला लंडनच्या ‘द टाइम्स’ दैनिकानं या संस्थेबद्दल एक बातमी दिली. घटना सात वर्षांपूर्वीची, हैती देशातली. जानेवारी २०१० मध्ये तिथं भूकंप झाला. दोन लाखांहून जास्त माणसं दगावली असं तिथल्या सरकारचं म्हणणं, आणि पंधरा लाखांच्या आसपास लोक उघड्यावर आले. जगभरातून मदत गेली, तशी ऑक्सफॅमचीही गेली. पण संस्थेनं भाड्यानं घेतलेल्या घरात तिचेच काही अधिकारी पैसे देऊन बायका आणत होते, अशी तक्रार २०११ साली वरपर्यंत पोचली. चौकशी झाली. चौघांना काढून टाकलं, तिघांनी राजीनामे दिले. राजीनामा देणाऱ्यांत हैतीतला संस्थेचा प्रमुखही होता. चौकशीत सहकार्य केलं म्हणून त्याला सन्मानानं बाहेर पडू द्यावं, असं ठरल्याची नोंद संस्थेच्याच अहवालात आहे. आपण कुणाला पैसे दिले नव्हते, असं तो माणूस पुढं जाहीरपणे म्हणाला, हेही सांगायला हवं.

म्हणजे चौकशी झालीच नाही, असं कुणी म्हणू शकत नाही. मग बिघडलं कुठं? बिघडलं ते संस्थेनं लोकांना काय सांगितलं, तिथं. गैरवर्तणूक झाली, कारवाई केली, मदतीच्या पैशाला धक्का लागलेला नाही, एवढं निवेदन निघालं. गैरवर्तणूक कसली, ते त्यात नव्हतं. ब्रिटनच्या धर्मादाय आयोगाला पूर्ण तपशील मिळाला नाही. हैतीच्या पोलिसांना तर काहीच कळवलं नाही, आणि वेश्याव्यवसाय त्या देशात गुन्हा आहे. हैतीच्या सरकारला सगळं कळलं ते सात वर्षांनी, लंडनच्या वर्तमानपत्रातून. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांनी ऑक्सफॅमच्या ब्रिटिश शाखेची परवानगी रद्द केली. मला त्यात गैर काही दिसत नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपण सगळेच जाणतो. लग्नकार्यात, भाऊबंदकीत ते खपूनही जातं. संस्थेत मात्र मूठ झाकण्याची एक वेगळीच किंमत पडते, आणि ती भलताच कुणी मोजतो. हैतीतून गेलेला तो प्रमुख पुढच्याच वर्षी बांगलादेशात दुसऱ्या एका मदतसंस्थेत रुजू झाला. ऑक्सफॅमनं आम्हाला काहीही सांगितलं नव्हतं, असं त्या संस्थेनं नंतर म्हटलं. त्याआधी, २००४ साली लायबेरियातही एका ब्रिटिश संस्थेतून तो अशाच तक्रारींनंतर बाहेर पडला होता, हेही २०१८ मध्ये उघड झालं. एकेका संस्थेनं आपापलं अंगण झाडलं आणि केर शेजारच्या अंगणात लोटला.

गप्प बसण्याचं कारण दर वेळी तेच असतं आणि ते ऐकायला फार सालस वाटतं. बोभाटा झाला तर देणग्या आटतील, देणग्या आटल्या तर गरिबांचं नुकसान होईल, तेव्हा गरिबांसाठीच गप्प बसू या. पण ज्या बाईवर वेळ आली ती गरिबांतलीच होती ना? तिचा हिशोब यात कुठं बसतो?

भूकंपानंतरच्या छावणीत सत्ता कशी चालते ते बघा. हैतीत सुरुवातीला धान्यवाटपाच्या जागी दांडगे पुरुष पुढं घुसत आणि बायकापोरं रिकाम्या हातानं परत जात. म्हणून जागतिक अन्न कार्यक्रमानं तांदळाची कुपनं फक्त बायकांच्या हाती द्यायला सुरुवात केली. शहाणपणाचा निर्णय होता. पण कुपन कुणाला द्यायचं, यादीत नाव कुणाचं घालायचं, हे शेवटी कुणीतरी माणूसच ठरवतो. बाहेरून आलेला, गाडी असलेला, पगार असलेला माणूस. आणि त्याच्याविरुद्ध तक्रार करायची तर ती त्याच्याच कचेरीत.

हे जगाला ठाऊक नव्हतं असंही नाही. २००२ साली संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था आणि ‘सेव्ह द चिल्ड्रन’ यांनी गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन इथल्या छावण्यांत मुलांशी बोलून एक अहवाल केला. अन्नाच्या बदल्यात शरीर मागितलं जातं, असं मुलींनी सांगितलं होतं. त्यात चाळीस संस्थांची आणि सदुसष्ट माणसांची नावं आली होती. पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांनी याविरुद्ध नियमही काढले. नियम कागदावर होते, हैतीतही होते.

२०१८ च्या बातमीनंतरच्या दिवसांत सात हजारांच्या आसपास नियमित देणगीदारांनी आपली देणगी थांबवली. हा आकडा संस्थेचे तेव्हाचे मुख्य अधिकारी मार्क गोल्डरिंग यांनीच ब्रिटिश खासदारांना सांगितला. त्याआधी त्यांनी एका मुलाखतीत, टीका अशी चाललीय की जणू आम्ही पाळण्यातली बाळंच मारली, अशा अर्थाचं काहीतरी म्हणून घेतलं होतं. खासदारांसमोर त्याची त्यांना माफी मागावी लागली. उपमुख्य अधिकाऱ्यांनी तर त्याआधीच राजीनामा दिला होता. मग संस्थेनं एक कोटी साठ लाख पौंडांची काटछाट जाहीर केली. म्हणजे ज्यांच्या नावानं सात वर्षं गप्प बसले, त्यांच्याच ताटातून हा घास गेला.

धर्मादाय आयोगाचा अहवाल जून २०१९ मध्ये आला. वाईट वागणूक खपवून घेण्याची सवय लागली होती, असा त्यातला निष्कर्ष आहे, आणि संस्थेला अधिकृत ताकीदही दिली गेली. अहवालातली एक गोष्ट मला जास्त खुपते. हैतीतून एका तेरा वर्षांच्या मुलीच्या नावानं तक्रारीच्या ई-मेल आल्या होत्या. त्या खऱ्या की खोट्या, याची संस्थेला शंका होती. असेल. पण शंका फेडण्यासाठी जितकं खोदायला हवं होतं तितकं खोदलंच नाही, असं आयोग म्हणतो.

आता थोडं आपल्याकडं येऊ. महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांकडं संस्थेची नोंदणी होते आणि दरवर्षी हिशोब जातो. पै-पैचा ताळेबंद. दाता म्हणून आपणही तेवढंच विचारतो, की पैसे कुठं गेले. माणसांशी कसं वागलात, हे विचारायचं आपल्याला सुचत नाही. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याप्रमाणं दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती लागते, आणि हा कायदा स्वयंसेवी संस्थांनाही लागू आहे. गंमत अशी, की कंपन्यांच्या समित्यांवर बाहेरचा सदस्य म्हणून बसायला स्वयंसेवी संस्थेतलीच माणसं बोलावतात. स्वतःच्या संस्थेत ती समिती आहे का, हे त्यांना कोण विचारतं?

‘आमच्याकडं आजवर एकही तक्रार आली नाही’ असं एखाद्या संस्थेनं अभिमानानं सांगितलं, तर मी जरा सावध होतो. शेकडो कार्यकर्ते, हजारो गरजू, आणि तक्रार एकही नाही? तक्रार करायची सोयच नसेल, असं आधी मनात येतं. उलट, यंदा अमुक तक्रारी आल्या, इतक्या खऱ्या निघाल्या, इतक्यांना काढलं, असं जी संस्था आपल्या वार्षिक अहवालात छापते, तिला देणगी देताना माझा हात कमी अडखळतो. परदेशांत काही मोठ्या संस्था हे करू लागल्या आहेत. नवा माणूस घेताना त्याच्या आधीच्या संस्थेला त्याच्या वागणुकीबद्दल लेखी विचारायचं आणि आपल्याला कुणी विचारलं तर खरं कळवायचं, अशी एक योजनाही २०१९ पासून चालू आहे. त्यात सामील व्हायचं की नाही, हे मात्र ज्याच्या त्याच्या मर्जीवर आहे.

शेवटी पुन्हा ऑक्सफॅमकडं. फेब्रुवारी २०२१ मध्ये ब्रिटनच्या धर्मादाय आयोगानं त्या अहवालानंतर संस्थेवर ठेवलेली देखरेख उठवली. दोनच महिन्यांत काँगोतून नव्या तक्रारींची बातमी आली आणि ब्रिटिश सरकारनं संस्थेला नव्या निधीसाठी अर्ज करायला बंदी केली. फरक एवढाच, की या वेळी चौकशी आधीच सुरू होती आणि दोन कर्मचाऱ्यांना संस्थेनंच निलंबित केलं होतं. सात वर्षं थांबावं लागलं नाही.