ग्रंथालय : अनुदान की अधिकार?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



सार्वजनिक ग्रंथालयाचा विषय आपल्याकडे सांस्कृतिक कार्याच्या सदरात टाकला जातो. सत्कार, व्याख्यानमाला आणि ग्रंथदिंडी यांच्या पलीकडे तो जात नाही. वस्तुतः हा प्रश्न प्रथमतः आर्थिक आहे. ज्ञानाच्या साधनांवर मालकी कोणाची आणि त्यांचा उपयोग करण्याची संधी कोणाला, हे ठरविणारी ती संस्था आहे. ‘आता सर्व काही मोबाइलवर मिळते, मग वाचनालय हवे कशाला?’ असा सवाल सुशिक्षितही करू लागले असल्याने या प्रश्नाचा मुळापासून विचार करणे अगत्याचे झाले आहे.

महाराष्ट्रातील ग्रंथालयांची परंपरा जुनी आहे. रत्नागिरीचे 1828 सालचे, पुण्याचे 1848 सालचे, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1898 सालचे. या संस्थांचे ऋण मोठे आहे. परंतु वर्गणी हा त्या परंपरेचा पाया होता. ज्याला वर्गणी परवडेल आणि ज्याला आत पाऊल टाकण्याचा संकोच वाटणार नाही, त्याचे ते ग्रंथालय. हा पाया बदलण्याचा मोठा प्रयत्न बडोद्यास झाला. सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू करणाऱ्या सयाजीराव गायकवाडांनी 1910 मध्ये बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले, संस्थानभर मोफत वाचनालयांचे जाळे उभारले आणि खेड्यापाड्यांत ग्रंथांच्या फिरत्या पेट्या पाठविल्या. शिकविलेले टिकावयाचे असेल, तर शाळेमागून ग्रंथालय गेलेच पाहिजे, हे त्यामागील सूत्र होते.

यानंतर कायदे आले. कोल्हापूर संस्थानाने 1945 मध्ये ग्रंथालयांचा कायदा केला. 1948 मध्ये रंगनाथन यांच्या प्रयत्नांतून मद्रासचा कायदा झाला. त्यात घरपट्टीवर ग्रंथालय उपकर बसविण्याची तरतूद होती. कर्नाटकाच्या 1965 च्या आणि केरळच्या 1989 च्या कायद्यांनीही उपकराचा मार्ग स्वीकारला. महाराष्ट्राचा 1967 चा कायदा मात्र उपकराविना झाला. नोंदणीकृत संस्थांनी ग्रंथालये चालवावीत, शासनाने त्यांना अ, ब, क, ड असे वर्ग देऊन अनुदान द्यावे, अशी ही रचना आहे. तिच्यामुळे राज्यात दहा हजारांहून अधिक ग्रंथालये उभी राहिली, हे मान्य केले पाहिजे. परंतु उपकर भरणारा नागरिक हक्काने हिशेब मागू शकतो. अनुदानावर जगणारी संस्था विनंतीअर्ज करते. या फरकाची किंमत ग्रंथालय-सेवक मोजतो. तो शासनाचा सेवक नाही. अनुदानाचा हप्ता लांबला की त्याचे तुटपुंजे वेतनही लांबते.

आता मोबाइलच्या सवालाकडे वळू. ऑनलाइन ग्रंथसंपदा ही खरोखर मोठी प्राप्ती आहे, तिची अवहेलना करण्याचे कारण नाही. मराठी विश्वकोश आज कोणालाही मोफत वाचता येतो. 2018 मध्ये राष्ट्राला अर्पण झालेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय सर्वांस खुले आहे. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने आपले दुर्मीळ ग्रंथ संगणकावर आणले आहेत. परंतु एखादी वस्तू उपलब्ध असणे आणि ती माणसाच्या हाती पडणे यांत अंतर असते. घरात एकच मोबाइल आणि तोही कर्त्या पुरुषाच्या खिशात, अशी स्थिती असलेल्या मुलीला विश्वकोश मोफत असून उपयोग काय? 2017 च्या कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन भरण्यासाठी शेतकऱ्यांना सेवा केंद्रांबाहेर रांगा लावाव्या लागल्या. शासन पडद्यामागे गेले की नागरिक आणि शासन यांच्यामध्ये मध्यस्थ उभा राहतो, आणि मध्यस्थ फुकट काम करीत नाही. गावच्या ग्रंथालयात दोन संगणक, इंटरनेट आणि समजावून सांगणारा एक प्रशिक्षित सेवक असेल, तर ही दलाली पुष्कळशी टळेल. म्हणजेच ऑनलाइन व्यवहार जितका वाढेल, तितकी वाचनालयाच्या खोलीची गरज वाढते.

दुसरी बाब मालकीची. छापील पुस्तक एकाच्या हाती असताना दुसऱ्यास थांबावे लागते; ही टंचाई वस्तूच्या स्वभावातच आहे. संगणकीय प्रत आणखी एका वाचकास देण्याचा खर्च मात्र जवळजवळ शून्य असतो. येथे टंचाई असते ती कराराने निर्माण केलेली. विकत घेतलेले पुस्तक ग्रंथालय वीस वर्षे शेकडो वाचकांना देऊ शकते. ई-पुस्तक बहुधा परवान्यावर मिळते आणि मुदत संपताच कपाट रिकामे होते. लेखकाचे मानधन बुडवावे, असा याचा अर्थ नव्हे. परंतु सार्वजनिक पैशातून निर्माण झालेले ज्ञान तरी कुलपाआड असता कामा नये. स्वतःजवळच्या ग्रंथाची जतनासाठी संगणकीय प्रत ठेवण्याची मुभा बिगर-व्यापारी सार्वजनिक ग्रंथालयांना 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीने दिली आहे. गावोगावच्या जुन्या संग्रहांना वाळवी लागण्यापूर्वी तिचा उपयोग झाला पाहिजे.

येथे थोडे आत्मपरीक्षणही हवे. काही ग्रंथालये केवळ दप्तरात जिवंत आहेत. काही कार्यकारी मंडळांत तीच ती घराणी पिढ्यान् पिढ्या बसली आहेत. सायंकाळी दोन तास दार उघडते, तेव्हा स्त्रिया चुलीपाशी असतात आणि शेतमजूर नुकता घरी परतलेला असतो. तालुक्याच्या अभ्यासिकेत स्पर्धापरीक्षांची मुले दाटीवाटीने बसतात, पण सर्वसाधारण वाचकाला खुर्ची नसते. या दोषांवर पांघरूण घालून अनुदानवाढ मागणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. एक, 1967 च्या कायद्यात दुरुस्ती करून ग्रंथालयांना उपकराचा निश्चित आधार द्यावा. छोट्या घरांना त्यातून सूट असावी. दोन, ग्रंथालय-सेवकाला किमान वेतन दरमहा मिळावे. तीन, त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत ‘ग्रंथालये’ हा विषय आहे; त्यास अनुसरून प्रत्येक ग्रामपंचायतीत संगणकासह मोफत वाचनालय असावे. चार, कार्यकारी मंडळावर स्त्रिया, दलित आणि भूमिहीन यांना प्रतिनिधित्व असावे.

कार्यकर्त्यांनी मात्र कायदा होण्याची वाट पाहत बसू नये. प्रत्येकाने आपल्या गावचे वाचनालय गाठावे. ते किती वाजता उघडते, सेवकाला शेवटचे वेतन केव्हा मिळाले आणि गेल्या महिन्यात किती स्त्रियांनी पुस्तक नेले, हे तीन प्रश्न विचारावेत. मिळालेली उत्तरे पुढच्या ग्रामसभेत मांडावीत. ग्रंथालयाची चळवळ तेथूनच सुरू होईल.