मरणाच्या दारात कुणाचे हित?

(चिखलदरा येथील पालक-विद्यार्थी शिबिरातील व्याख्यान)



आजचा विषय थंड हवेच्या ठिकाणी बोलण्यासारखा नाही, हे मला कबूल आहे. पण याच चिखलदऱ्यात रात्री कुणाला अर्धांगाचा झटका आला, तर घाट उतरून परतवाडा आणि तेथून अमरावती गाठावी लागते. तेथे काही दिवसांनी डॉक्टर विचारतात, "पुढे काय करायचे?" त्या वेळी विचार सुचत नाही. म्हणून तो आज करू या.

अरुणा शानबाग हे नाव आपण ऐकले असेल. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथल्याच एका कर्मचाऱ्याने हल्ला केला. गळा आवळल्याने मेंदूला इजा झाली आणि त्या पुन्हा कधी सावरल्या नाहीत. त्यांचे अन्न थांबवून त्यांना शांतपणे जाऊ द्यावे, असा अर्ज लेखिका पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात केला. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने तो फेटाळला. या रुग्णाच्या वतीने बोलायचा अधिकार कुणाचा? न्यायालय म्हणाले, ज्यांनी सदतीस वर्षे सेवा केली त्यांचा. आणि त्या परिचारिका तर म्हणत होत्या, तिला जगू द्या. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले.

मात्र त्याच निकालाने, बरा होण्याची आशा नसलेल्या रुग्णाचे उपचार उच्च न्यायालयाच्या परवानगीने थांबवण्याची वाट मोकळी केली. परवानगी कशासाठी? मालमत्तेवर डोळा ठेवणारे नातेवाईक या सवलतीचा गैरफायदा घेतील, ही भीती न्यायमूर्तींनी स्पष्ट लिहिली आहे. पुढे ९ मार्च २०१८ च्या निकालाने शुद्धीत असतानाच आपली इच्छा लिहून ठेवण्याचा हक्क दिला. २०२३ मध्ये त्याची रीत सोपी झाली. आता दोन वैद्यकीय मंडळांचे मत घेतात. सुई टोचून जीव घेणे मात्र आजही गुन्हाच आहे.

आपल्या शरियतलाही ही भीती जुनीच ठाऊक आहे. जीव ही अमानत. आणि जो खून करतो, त्याला मयताच्या वारशात हिस्सा नाही. मर्ज-उल-मौतमध्ये दिलेली बक्षिशी वारसांच्या संमतीशिवाय एक-तृतीयांशापलीकडे चालत नाही. म्हणजे मरणाऱ्याच्या खाटेभोवती स्वार्थ उभा असतो, हे धरूनच हे नियम झाले. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यातही खुन्याला वारसा नाही.

पण स्वार्थ केवळ जमिनीचा नसतो. माझ्या मोठ्या चाचांचेच सांगतो. ते सोळा दिवस यंत्रावर होते. सुधारणा होणार नाही, हे डॉक्टरांनी पाचव्या दिवशी सांगितले होते. आम्ही ऐकले नाही. चाचांसाठी? प्रामाणिकपणे सांगायचे तर, 'शिकलेल्या पुतण्याने यंत्र काढायला लावले' असे मोहल्ल्यात कुणी म्हणू नये, ही भीती मोठी होती. चाचीचा संत्र्याचा बगीचा गहाण पडला. तोही आमचा स्वार्थच. आम्ही त्याला खिदमत म्हणत होतो.

याची दुसरी बाजू अधिक नाजूक आहे. आजारी अम्मी म्हणते, "बस झाले, मला आता जाऊ द्या." हे तिच्या दुखण्याचे बोलणे, की काल व्हरांड्यात चाललेली खर्चाची चर्चा तिच्या कानी पडली होती? आपल्याकडच्या बाया स्वतःसाठी काही मागत नाहीत. मरण मागतानाही त्या लेकरांचाच विचार करत असतात. तेव्हा होकार देण्यापूर्वी तिच्याजवळ बसा, दुखणे कमी करणारे औषध मिळते का पाहा, आणि मग तिला पुन्हा विचारा.

चाचांना विचारता आले असते. झटक्याच्या आधी दोन वर्षे ते रोज संध्याकाळी ओसरीवर माझ्याशी गप्पा मारत. आम्ही संत्र्याच्या भावाबद्दल बोललो, पावसाबद्दल बोललो. याबद्दल कधी बोललो नाही.