रातांब्याचं माहेर

आमसुलं आपण दरवर्षी वाळवतो, आज रातांब्याच्या नात्यागोत्याचं बोलू.

पानाला हिरवं करणाऱ्या कणांना हरितलवक म्हणतात. त्यांचा स्वतःचा वेगळा डीएनए असतो, साधारण दीड लाख अक्षरांचा. बहुतेक फुलझाडांत तो आईकडूनच येतो. तो वाचून शास्त्रज्ञ झाडांची माहेरची वंशावळ जुळवतात. रातांबा आणि मँगोस्टीन तर एकाच गार्सिनिया कुळीतले!

पण रोप नर की मादी, ते यातून कळत नाही. आमच्या गटाने बियांची रोपं लावली, सात-आठ वर्षं पाणी घातलं, आणि निम्मी नर निघाली. आता आम्ही मादी झाडाची कलमंच लावतो. परागासाठी एखादा नर मात्र राखतो. तुम्हीही कलम घेताना आधी विचारा, बायांनो.