हिरव्या रसाचा पेला

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनी मी चार शब्द बोलावेत अशी मंडळाची आज्ञा झाली आणि विषयही मंडळानेच नेमून दिला : घरच्या घरी करावयाचा हिरवा रस. हा विषय निघाला कसा, तेही सांगते. पुण्याला नोकरी करणारी माझी मुलगी मागच्या सुट्टीत आली, तेव्हा तिच्या पिशवीत बोटभर उंचीच्या चार बाटल्या होत्या. आत हिरवेगार पाणी. मी विचारले, "हे काय औषध गं?" ती म्हणाली, "औषध नाही आई, ग्रीन शॉट. सकाळी अनशापोटी एका घोटात घ्यायचा." किंमत ऐकली आणि मी बाटली हळूच खाली ठेवली. तेवढ्या पैशांत आपल्या आठवडी बाजारातून चार दिवसांची भाजी आली असती!

पण भगिनींनो, हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही. एका घोटाचा हिरवा रस आपल्याला नवा आहे का? गुढीपाडव्याला सकाळी कडुनिंबाची कोवळी पाने व फुलोरा, चिंच, गूळ, ओवा, मिरे, हिंग, मीठ वाटून आपण घरातल्या प्रत्येकाच्या हातावर ठेवतोच ना? चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीचे पन्हे करतो, ते कशासाठी? चैत्र-वैशाखात आपल्या परभणीचा पारा चाळीसच्या वर चढतो, तेव्हा आंबट-गोड पन्ह्याने जिवाला किती बरे वाटते, हे गंगाखेडपासून जिंतूरपर्यंत कोणालाही विचारा. म्हणजे चाल जुनीच आहे, बाटली तेवढी नवी.

आता कृती सांगते. चार माणसांना पुरेल एवढा रस करण्यासाठी निवडलेली कोथिंबीर एक मूठ, पुदिन्याची दहा-बारा पाने, दोन आवळे, एक कोवळी काकडी, बोटाच्या पेराएवढे आले, अर्धे लिंबू, चिमूटभर मीठ व जिरेपूड घ्यावी. आवळ्याच्या बिया काढाव्या. लिंबू सोडून सर्व जिन्नस अर्धा पेला पाण्यात मिक्सरवर किंवा पाट्यावर बारीक वाटावे, स्वच्छ मलमलीतून गाळावे आणि वरून लिंबू पिळावे. कार्तिकापासून माघापर्यंत आवळा मिळतो. पुढे कैरीचे दिवस आले की आवळ्याच्या जागी कैरीची फोड घालावी. माणशी अर्धा कप रस पुष्कळ झाला. पेल्यावर पेले रिचवून अधिक गुण येतो असे मुळीच नाही.

गाळल्यावर फडक्यात जो चोथा उरतो तो फेकू नका. पोट साफ ठेवणारा भाग त्या चोथ्यातच असतो. ज्वारीच्या पिठात चोथा, तीळ, लसूण व तिखट घालून धपाटे लावावे. खरे म्हणजे न गाळता प्यायलात तर सर्वांत उत्तम. फळांच्या बाबतीत तर रसापेक्षा अख्खे फळ चावून खाणेच बरे. मधुमेह असलेल्यांनी तर हे विशेष ध्यानात ठेवावे, आणि रसात साखर-गूळ घालू नये.

रस केला की लगेच प्यावा. सकाळी करून संध्याकाळपर्यंत ठेवला तर क जीवनसत्त्व कमी होत जाते आणि उन्हाळ्यात रस नासायलाही वेळ लागत नाही. आंबट रस बिनकल्हईच्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवू नये. पाने वाहत्या पाण्यात तीन वेळा धुवावी. मिठाच्या पाण्याने अळ्या निघतील, पण रोगजंतू मरतीलच असे नाही. म्हणून पावसाळ्यात, पाणी गढूळ असताना, कच्च्या पानांचा रस बंदच ठेवावा आणि त्याऐवजी शेवग्याच्या कोवळ्या पाल्याचे वरण किंवा पालकाचे गरम सार करावे.

आता सर्वांत महत्त्वाचे सांगते. इकडे सर्वांनी कान द्यावा.

माझे लग्न झाले त्या वर्षीची गोष्ट. वाळकाची कोशिंबीर करताना मी चोचवून बघायची विसरले. सासूबाईंनी पहिला घास तोंडात घातला आणि तसाच बाहेर टाकला. मला वाटले, आता बोलणी बसणार! पण त्या एवढेच म्हणाल्या, "सूनबाई, वाळूक, काकडी, दुधी, दोडका यांची आधी फोड चाखायची असते. कडू निघाले की सगळे टाकायचे. जीव स्वस्त नाही." मी तेव्हा मान हलविली, पण त्यातले मर्म मला पुष्कळ वर्षांनी कळले.

२०१० साली दिल्लीत एका शास्त्रीय संस्थेतील अधिकारी दुधी व कारले यांचा एकत्र रस पिऊन दगावले. पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. त्या समितीचा सल्ला माझ्या सासूबाईंच्या सल्ल्यापेक्षा वेगळा नव्हता : रस काढण्यापूर्वी दुधीची लहान फोड चाखावी, कडू लागली तर तो दुधी टाकून द्यावा, आणि दुधीच्या रसात दुसऱ्या कशाचा रस मिसळू नये. तरीही जून २०१८ मध्ये आपल्या पुण्यातच एक भगिनी दुधीचा रस पिऊन प्राणास मुकली.

याचे कारण समजून घ्या. दुधी-काकडीच्या जातीत कधीकधी कुकुरबिटासिन नावाचे कडू विष तयार होते. ते शिजवून जाईलच अशी खात्री नाही, आणि टोक कापून घासल्यानेही नाही. भाजीत कडू घास लागला तर आपण थुंकून टाकतो, पण रस मात्र नाक दाबून एका दमात घशाखाली उतरतो. शिवाय कारले मुळातच कडू. ते मिसळले की दुधीचा कडूपणा त्यात लपतो आणि जीभ जी सूचना देते ती कळतच नाही. कडुनिंबाचा कडूपणा हा त्याचा स्वभाव आहे, पण दुधीचा कडूपणा हा धोक्याचा इशारा आहे. "कडू म्हणजे गुणकारी" असे समजून पिऊ नका. चुकून प्यायले गेले आणि उलट्या, जुलाब, पोटदुखी सुरू झाली, तर घरगुती उपाय करीत न बसता तडक दवाखाना गाठावा. या विषावर उतारा नाही, म्हणून वेळ फार मोलाचा आहे.

ज्यांना मुतखडा झालेला आहे त्यांनी कच्च्या पालकाचा रस रोज घेऊ नये. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून रोजचा हिरवा रस सुरू करू नये. कडुनिंब पाडव्यापुरताच बरा. गरोदर बायकांना व तान्ह्या मुलांना त्याचा रस देऊ नये.

आणखी एक समजूत काढून टाकू या. हिरवा रस प्यायला की रक्त वाढते, मग सरकारी लोहाच्या गोळ्या कशाला, असे काही जणी म्हणतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या दर १०० स्त्रियांमध्ये सुमारे ५४ जणींना रक्तक्षय आढळला. म्हणजे या सभागृहात आपण बसलो आहोत, त्यांतल्या अर्ध्याअधिक जणी! अर्धा कप रसाने ही तूट भरून निघत नाही. पानांतले लोह शरीराला सहजी लागू पडत नाही. पण आवळा-लिंबातले क जीवनसत्त्व जेवणाबरोबर पोटात गेले, तर भाकरी-भाजीतले लोह अधिक शोषले जाते. म्हणून माझे सांगणे असे की, हा रस अनशापोटी घेण्यापेक्षा जेवणाबरोबर घ्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे की जेवणाच्या आधी व नंतर निदान एक तास चहा-कॉफी टाळावी. आपल्या चहाबाज मराठवाड्याला हे जड जाईल खरे! आणि आशाताईंनी दिलेल्या गोळ्या डब्यात साठवू नका, खा.

आता शेवटचे. माझी मुलगी परत गेल्यावर मी महिनाभर रोज हा रस केला. यजमानांना दिला, नातवाला दिला, शेजारच्या काकूंनाही वाटीभर पाठविला. एके दिवशी मुलीने फोनवर विचारले, "आणि तू किती घेतेस?" मला उत्तर देता येईना. रोज भांड्याच्या तळाशी उरले तर उरले, एवढाच माझा वाटा! आपल्यापैकी कितीजणींचे असे होते, हे हात वर न करताही मला माहीत आहे. ज्या घरात रक्त कमी असणारी बाईच शेवटी जेवते, त्या घरात रस नुसता हिरवा असून काय उपयोग? तेव्हा रस गाळला की पहिला पेला आपला भरून बाजूला ठेवा. यात अपराध वाटण्यासारखे काहीएक नाही.

१९७२ पासून परभणीत कृषी विद्यापीठ आहे आणि अन्न व पोषण हा विषय तेथे शिकविला जातो. तेथील एखाद्या जाणत्या बाईंना मंडळाने पुढल्या खेपेस बोलवावे आणि त्याच दिवशी सर्व सभासदांची रक्ततपासणी ठेवावी, अशी माझी सूचना आहे. पुढच्या वर्धापनदिनी ते आकडे आपण एकमेकींना वाचून दाखवू.